त्या कागदावर सही करू नका

पत्र

मॅडम, नमस्कार. आम्ही नाशिकला सातपूर भागात भाड्याच्या खोलीत राहतो. घरात मी, मिस्टर, सासूबाई, मुलगी सातवीला आणि मुलगा तिसरीला. मिस्टर अंबडच्या एका लहान वर्कशॉपमध्ये जातात, महिन्याला १५ हजार रोख मिळतात. मी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते, त्यातून महिन्याला तीनेक हजार सुटतात. रेशनकार्ड केशरी आहे. मला लाडक्या बहिणीचे १५०० यायचे, पण काही महिन्यांपासून माझ्या खात्यात पैसे दिसत नाहीत.

आता मिस्टरांना एका कंपनीत ठेकेदारामार्फत १७ हजारांचं काम मिळतंय. पण पीएफ, ईएसआय (कामगार विमा) कापून हातात १५ हजारसुद्धा पडणार नाहीत. ठेकेदार म्हणतो, "मला कापायचं नाही असा कागद सही करून द्या, पूर्ण १७ रोख देतो. पीएफ लागला की सरकारदरबारी नाव लागतं, मग बायकोचे १५०० आणि रेशन दोन्ही बंद." गल्लीतही सगळे हेच सांगतात. गेल्या पावसाळ्यात मिस्टरांना डेंग्यू झाला, वीस दिवस घरी होते. पगार बुडाला आणि दवाखान्यासाठी व्याजाने पैसे काढले. ते अजून फिटले नाहीत. त्यामुळे हातात येणारा एकेक रुपया मोठा वाटतो.

आमच्याकडे एक एजंट येतो. १५०० रुपयांत बांधकाम कामगाराचं कार्ड काढून देतो, भांड्यांचा संच मिळतो म्हणतो. शेजारच्या तिघींनी घेतला. मुलीच्या नावाने लेक लाडकीचे एक लाख मिळतील, त्याचे ५०० वेगळे. मी काढू का? माझा दीर खरंच गवंडी आहे, पण त्याच्याकडे काहीच कार्ड नाही. सासूबाईंना यातलं काहीच पटत नाही. त्या म्हणतात, फुकटचं खाऊन कुणाचं भलं झालंय?

उत्तर

नमस्कार ताई. ठेकेदाराच्या त्या कागदावर मिस्टरांनी सही करू नये. नवं काम जरूर घ्यावं, पण कापून मिळणाऱ्या पगारावरच.

हातात किती पडेल हा तुमचा हिशोब बरोबर आहे. १७ हजारांवर ईएसआयचे पाऊण टक्का, म्हणजे १२८ रुपये. पीएफ १५ हजारांवर १२ टक्क्यांनी धरला तर १८०० रुपये. व्यवसाय कर २००. उरतात १४ हजार ८७२. आज रोख मिळतात त्यापेक्षाही सव्वाशे रुपये कमी. व्याज डोक्यावर असलेल्या घरात हा आकडा जड वाटणारच. पण हा हिशोब अर्धाच आहे. तुमचे १२८ कापले जातात तेव्हा ईएसआयमध्ये मालकालाही सव्वातीन टक्के, म्हणजे साधारण ५५३ रुपये, स्वतःचे घालावे लागतात. पीएफमध्येही तो तुमच्याइतकेच १८०० घालतो. ठेकेदाराला तुमच्या १२८ रुपयांची काळजी नाही. त्याच्या वाट्याचे २३०० रुपये महिन्याला वाचतात, म्हणून तो सही मागतोय. तुमच्या मिस्टरांनी कमावलेले पैसे तो "पूर्ण १७ रोख" या गोड शब्दांत गुंडाळून स्वतःच्या खिशात ठेवतोय.

आता त्या डेंग्यूचंच घ्या. तेव्हा ईएसआय असता तर तपासण्या, सलाईन, औषधं यांचा खर्च घरातून झाला नसता. शिवाय आजारपणाच्या रजेचा भत्ता मिळाला असता, पगाराच्या ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. १७ हजारांच्या पगारावर आणि वीस दिवसांच्या आजारपणात सात हजारांच्या आसपास रक्कम हातात आली असती. हा भत्ता काम लागल्या लागल्या मिळत नाही. सहा महिन्यांच्या वर्गणीच्या काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी जमा असावी लागते आणि नव्या कामगाराला सुरुवातीचे काही महिने थांबावं लागतं. औषधोपचार मात्र नाव लागल्यापासून मिळतो. कामावर मशीनमध्ये हात सापडला तर त्याची भरपाईही पहिल्या दिवसापासून लागू होते. तात्पुरतं अपंगत्व असेल तर बरं होईपर्यंत पगाराच्या ९० टक्के. वर्कशॉपमध्ये रोखीवर काम करताना बोट गेलं तर काय मिळतं, हे अंबड-सातपूरच्या बायकांना मी सांगायला नको.

ईएसआय फक्त कामगारापुरता नसतो. तुम्ही, दोन्ही मुलं आणि मिस्टरांवर अवलंबून असलेल्या सासूबाई, सगळ्यांची नावं त्यात लागतात. बीपीच्या, गुडघ्याच्या रोजच्या गोळ्या दवाखान्यातून मिळतात. सातपूरलाच ईएसआयचं रुग्णालय आहे, तुमच्या घरापासून लांब नाही. तिथे गर्दी असते, रांगेत अर्धा दिवस जातो, कधी एखादं औषध नसतं. हे सगळं खरं आहे आणि ते सुधारलंच पाहिजे. तरीही १२८ रुपयांत पाच माणसांचं आजारपण सांभाळणारं दुसरं काही बाजारात मिळत नाही.

पीएफबद्दल थोडक्यात सांगते. १८०० कापले जातात ते जात नाहीत, साठतात. मालकाच्या १८०० मधले १२५० पेन्शनकडे जातात आणि ५५० तुमच्या खात्यात. म्हणजे दर महिन्याला २३५० रुपये व्याजासह जमा होतात. मुलीच्या पुढच्या शिक्षणासाठी किंवा घरातल्या मोठ्या आजारपणासाठी त्यातून काढता येतात. आणि जे बोलायला नको वाटतं तेही लिहिते. नोकरीत असताना कामगाराचं काही बरंवाईट झालं तर विम्याची रक्कम घरच्यांना मिळते, ७ लाखांपर्यंत. एका महिन्याची वर्गणी जरी भरलेली असली तरी पत्नीला पेन्शन लागू होते. किमान पेन्शन महिन्याला हजार रुपयेच आहे आणि ही रक्कम फार तोकडी आहे. पण रोखीच्या कामात तेवढीही नसते.

"मला कापायचं नाही" या कागदाला कायद्यात किंमत नाही. दहा किंवा जास्त माणसं जिथे काम करतात आणि पगार २१ हजारांच्या आत आहे तिथे ईएसआय सक्तीचा आहे. वीस किंवा जास्त माणसं असतील आणि मूळ पगार व महागाई भत्ता मिळून १५ हजारांच्या आत असेल तर पीएफही सक्तीचा. कामगाराने लिहून दिलं म्हणून मालकाची सुटका होत नाही. दुसरं, ठेकेदाराने भरलं नाही तर ती जबाबदारी ज्या कंपनीत काम चालतं तिच्यावर येते. म्हणून मिस्टरांनी ठेकेदाराशी वाद घालत बसू नये. कंपनीच्या कामगार किंवा एचआर विभागात जाऊन शांतपणे विचारावं, "माझं ईएसआय आणि पीएफ कोणत्या तारखेपासून लागेल?" या एका प्रश्नाने पुष्कळ ठेकेदारांची भाषा बदलते.

काम लागल्यावर दोन नंबर मागून घ्या. पीएफचा १२ आकडी यूएएन आणि ईएसआयचा १० आकडी विमा क्रमांक. ईएसआयच्या ई-पेहचान कार्डाची प्रिंट घ्या आणि त्यावर पाचही नावं बरोबर आहेत का ते बघा. सासूबाईंचं नाव बहुतेक वेळा राहून जातं. दोन-तीन महिन्यांनी उमंग अ‍ॅपवर पीएफचं पासबुक उघडून बघा. पगाराच्या स्लिपवर कापलेलं दिसतंय आणि पासबुक कोरं असेल, तर पीएफ कार्यालयात तक्रार करा. तुमच्याकडे स्लिप हा पुरावा असेल. रोखीच्या पगारात तक्रार करायला हातात कागदच नसतो.

आता गल्लीतल्या त्या भीतीबद्दल. "पीएफ लागला की सगळं बंद" हे खरं नाही. प्रत्येक योजनेची अट वेगळी असते आणि लोक सगळ्यांची एकच मोट बांधतात.

लाडकी बहीण योजनेत कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं. घरात आयकर भरणारं कुणी नको, सरकारी नोकरीत कुणी नको, ट्रॅक्टर सोडून चारचाकी गाडी नको. खासगी कंपनीत पीएफ कापला जातो, ही अट त्यात कुठेच नाही. तुमचा हिशोब मांडू. १७ हजारांचे वर्षाला २ लाख ४ हजार, शिलाईचे ३६ हजार, एकूण २ लाख ४० हजार. तुम्ही बसता. उत्पन्न मोजताना कापण्याआधीचा पगार धरायचा. केशरी कार्डावर उत्पन्नाचा दाखला मागितला जात नाही, पण अट माफ झालेली नसते. अर्ज करताना तुम्ही हमीपत्रावर सही केली आहे, हे ध्यानात ठेवा.

फरक अवघा दहा हजारांचा आहे, हेही सांगायला हवं. मिस्टरांनी महिन्याला दोन हजारांचं ओव्हरटाइम केलं तर वर्षाला २४ हजार वाढतील आणि तुम्ही मर्यादेच्या बाहेर जाल. १५०० प्रमाणे १८ हजार जातील. तरी सहा हजार वरचढ राहतील आणि ते स्वतःच्या कामाचे असतील. त्यामुळे योजनेसाठी काम नाकारू नका. शरीराला झेपत नसेल तर ओव्हरटाइम जरूर नाकारा, पण कारण ते असू द्या. मला या योजनांचा सगळ्यात जास्त राग येतो तो इथेच. अडीच लाखांवर एक रुपया गेला की पूर्ण रक्कम बंद. थोडं उत्पन्न वाढलं तर थोडी मदत कमी, अशी उतरती रचना सरकारला सहज करता येईल. ती नाही, म्हणून कष्टाळू माणसं वर सरकायला घाबरतात आणि ठेकेदार त्या भीतीवर धंदा करतात.

रेशनचं जरा वेगळं आहे. कार्ड केशरी असणं आणि त्यावर अन्नसुरक्षेचं धान्य मिळणं या दोन गोष्टी आहेत. प्राधान्य कुटुंबात नाव असेल तर माणशी ५ किलो धान्य मिळतं आणि १ जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. पण शहरात या यादीची उत्पन्न मर्यादा वर्षाला ५९ हजार आहे. महिन्याला पाच हजारांपेक्षाही कमी! २०१३ साली अन्नसुरक्षा कायदा आला त्या सुमारास ठरलेला हा आकडा आहे. त्यानंतर किमान वेतन कितीतरी वाढलं. ज्या घरात एक माणूस कायदेशीर किमान वेतनावर पूर्णवेळ काम करतो ते घर या मर्यादेत बसूच शकत नाही. तुम्ही आजच्या १५ हजारांवरही तिच्या बाहेर आहात, म्हणजे याचा पीएफशी काही संबंध नाही. तुम्हाला धान्य मिळत असेल आणि तपासणी आली तर खरं उत्पन्न सांगा. खोटा दाखला काढू नका. केशरी कार्डाचीही मर्यादा १ लाखाची आहे, पण कार्ड पांढरं झालं म्हणून महात्मा फुले जन आरोग्य योजना जात नाही. ही योजना आता सगळ्या रेशनकार्डांना लागू आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. त्यात ठरलेल्या शस्त्रक्रिया आणि भरती होऊन घ्यायचे उपचार येतात. रोजच्या गोळ्या आणि बुडालेला पगार येत नाही. म्हणून ती आहे तर ईएसआय कशाला, असं समजू नका.

मुलीच्या पुढच्या शिक्षणासाठीची मर्यादा तर आणखी वेगळी. २०२४ पासून आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ आहे आणि तिथे उत्पन्नाची मर्यादा ८ लाख आहे. तुमचा पगार दुप्पट झाला तरी ती सवलत हलत नाही.

सासूबाईंचं म्हणणं मला मनापासून आवडलं. फुकट नको, ही वृत्ती या राज्यातल्या कष्टकऱ्यांची आहे आणि इथल्या सगळ्यात मोठ्या योजनेचा पायाही तोच आहे. त्यांना १९७२ चा दुष्काळ आठवत असेल. खडी फोडायची कामं, तळ्यांची कामं, पाझर तलाव, ती सुकडी. त्यातून रोजगार हमी योजना घट्ट झाली. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी तिचा पाठपुरावा केला, १९७७ साली कायदा झाला आणि पुढे देशाचा रोजगार हमी कायदाही त्याच वाटेने आला. त्या योजनेला पैसा कुठून आणायचा, यासाठी १९७५ साली महाराष्ट्राने व्यवसाय कर लावला. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून कापायचा आणि खेड्यातल्या मजुराच्या हाताला काम द्यायचं. मिस्टरांच्या नव्या स्लिपवर दोनशे रुपये दिसतील, ते हेच. सासूबाईंना ती ओळ दाखवा. त्यांचा मुलगा घेणाऱ्यांत आहे तसा देणाऱ्यांतही आहे. साबणापासून शिलाईच्या दोऱ्यापर्यंत तुम्ही जे विकत घेता त्यावरही कर जातो. आणि ईएसआय-पीएफ हे तर दानच नव्हे, ती मजुरी आहे, फक्त वेगळ्या खात्यात जमा होणारी.

पण बांधकाम कामगाराच्या कार्डाबाबत सासूबाई शंभर टक्के बरोबर आहेत. ते कार्ड तुम्ही काढू नका. इमारत बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घेतला जातो आणि त्यातून बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ चालतं. तो पैसा पाडावर चढणाऱ्यांचा आहे. गेल्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो, आणि एजंट विकतो तो हाच खोटा दाखला. उद्या तपासणी झाली तर एजंट सापडणार नाही, तुमचं नाव सापडेल. शेजारणींना दोष द्यायची माझी इच्छा नाही, भांड्यांचा संच कुणाला नको असतो. पण खोट्या नावांची गर्दी झाली की कार्यालय सगळ्यांवरच संशय घेतं आणि तुमच्या दिरासारख्या खऱ्या गवंड्याला हेलपाटे पडतात.

त्याचं कार्ड मात्र लगेच काढा. वय १८ ते ६० मध्ये हवं. ९० दिवसांचा दाखला ज्या ठेकेदाराकडे काम केलं तो देऊ शकतो. वेगवेगळ्या ठिकाणी नाक्यावरून काम करत असेल तर महापालिकेकडून मिळवता येतो. आधार, फोटो, बँक पासबुक लागतं. नोंदणीचा खर्च नाममात्र आहे, १५०० रुपये नाही. मुलं शाळेत असतील तर पहिली ते सातवीला वर्षाला २५०० आणि आठवी ते दहावीला ५००० रुपये मिळतात. बायकोच्या बाळंतपणाला मदत आहे. कामावर अपघाती मृत्यू झाला तर घरच्यांना ५ लाख. नोंदणीचं नूतनीकरण वेळेवर करावं लागतं, ते चुकलं की लाभ अडकतात. मोबाइलवर तारीख लावून ठेवायला सांगा.

लेक लाडकीचे ५०० रुपये एजंटला देऊ नका. ही योजना १ एप्रिल २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलींसाठी आहे. तुमची मुलगी सातवीत आहे, ती त्यात बसत नाही आणि कुठलाही एजंट तिला बसवू शकत नाही. ज्यांच्या घरी अलीकडे मुलगी झाली आहे त्यांनीही अंगणवाडी सेविकेकडे अर्ज द्यावा. तिथे पैसे लागत नाहीत.

राहिले तुमचे थांबलेले १५००. आधी ई-केवायसी झाली आहे का ते बघा. झाली असेल, तर बहुधा पैसे दुसऱ्याच खात्यात जात असतील. सरकारी पैसे आधारवर येतात आणि एका आधारवर एका वेळी एकच खातं धरलं जातं, शेवटी जोडलेलं. मोबाइलच्या दुकानात सिम घेताना किंवा कुणी घरी येऊन अंगठा घेऊन एखादं पेमेंट बँकेचं खातं उघडलं असेल, तर पैसे निमूटपणे तिकडे जमा होत राहतात. माय आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती दिसते, तिथे कोणत्या बँकेचं नाव आहे ते वाचा. दुसरीच बँक निघाली तर आधी त्या खात्यातले पैसे काढा. मग तुमच्या नेहमीच्या बँकेत जाऊन "सरकारी अनुदानासाठी आधार सीडिंग करायचंय" असं स्पष्ट सांगा. नुसतं "आधार लिंक" म्हणालात तर केवायसी करून परत पाठवतील. फॉर्मची पोचपावती घ्या आणि आठवड्याभराने स्थिती पुन्हा तपासा.